गाल मागच्या खिशाला: रग्बीत मुलांना लागतं किती आणि कसं

प्रश्न असा आला आहे: 'मुलगा नववीत आहे. दोन वर्षं कबड्डी खेळायचा, यंदा शाळेच्या रग्बी संघात गेला. परवाच्या सामन्यात कुणाचा तरी गुडघा त्याच्या मांडीवर बसला, मांडी टम्म सुजली आहे. आजी रोज कोमट तेलाने चोळून देते. खेळ बंद करावा का यावरून घरात वाद चालू आहे. सामन्यात नेमक्या किती वेळा दुखापत होते आणि कशी होते?'

आधी मालिश थांबवा. आजच. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मांडीच्या पुढचा स्नायू समोरून गुडघा आणि मागून स्वतःचंच हाड यांच्यात चेचला गेला आहे, आत रक्त साकळलं आहे. ते चोळलं किंवा शेकलं की रक्तस्राव वाढतो आणि काही मुलांमध्ये त्या जागी, स्नायूच्या आतच, हाड तयार व्हायला लागतं. हे अतिशयोक्त वाटेल, पण एक्स-रेवर मांडीत पांढरा ठिपका घेऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत. तीन आठवड्यांत खेळायला लागली असती ती चार-चार महिने बसून राहिली. पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. वर क्रेप बँडेज, आणि गुडघा सोसवेल तितका वाकवून ठेवायचा. गुडघा किती वाकतो ते रोज बघा. आठवड्यानेही काटकोनापर्यंत येत नसेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. मांडी दगडासारखी कडक झाली, दुखणं तासागणिक वाढत चाललं किंवा पावलाला मुंग्या आल्या तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठा. आजींचं मन राखायचं असेल तर दुसरा पाय चोळायला द्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी फिजिओथेरपिस्ट आहे. इंग्लंडच्या उत्तर भागात एका हौशी क्लबच्या मैदानाकडेला सहा हंगाम पिशवी घेऊन उभी राहिले, त्यानंतर मुंबई-पुण्यात शाळा-कॉलेजच्या संघांबरोबर. त्यामुळे हे उत्तर निम्मं आकड्यांचं आणि निम्मं चिखलाचं आहे.

रग्बीतल्या दुखापती 'दर 1000 खेळाडू-तास' अशा मोजतात. एका संघाचे 15 जण 80 मिनिटं खेळले की 20 खेळाडू-तास भरतात, म्हणजे 1000 तास म्हणजे एका संघाचे 50 सामने. व्यावसायिक पुरुष रग्बीवरचे अभ्यास एकत्र करून 2013 साली जो हिशोब मांडला गेला त्यात सामन्यांतल्या दुखापती 1000 तासांमागे 81 निघाल्या, सरावातल्या फक्त 3. दर सामन्याला दर संघातले सरासरी दीड-पावणेदोन खेळाडू जायबंदी होतात असा त्याचा अर्थ, आणि त्यातला प्रत्येक जण सरासरी 20 दिवस बाहेर बसतो. 2015 च्या विश्वचषकात हा आकडा 90 होता, 2019 च्या जपानमधल्या विश्वचषकात 79. युरोपातल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये तो 27 च्या आसपास येतो. म्हणजे रग्बी फुटबॉलच्या तिप्पट. यात गोड बोलण्यासारखं काही नाही.

पण हे आकडे 100-110 किलोच्या, त्याच कामाचा पगार घेणाऱ्या माणसांचे आहेत. इंग्लंडमधल्या मुलांचं मोजलं तेव्हा शाळांच्या संघांत 1000 तासांमागे 35 आणि क्लबांच्या अकादम्यांत 47 दुखापती आढळल्या. तुमच्या मुलाने वर्षात तासाभराचे दहा सामने खेळले तर शाळेच्या दराने ढोबळ शक्यता तिनात एक की त्याला एखादा दिवस तरी बाहेर बसावं लागेल असं काही लागेल. यातलं बरंचसं मुका मार, मुरगळणं, लचकणं या जातीचं.

इथे एक मेख आहे. इंग्लंडमधल्या हौशी प्रौढ क्लबांचा आकडा तुम्हाला कुठेतरी 17 च्या आसपास दिसेल आणि वाटेल, अरे, मोठ्यांना तर मुलांपेक्षा कमी लागतं! तसं नाही. त्या मोजणीत आठवडाभराहून जास्त बाहेर बसवणारी दुखापतच धरली होती, मुलांच्या मोजणीत एका दिवसाचीही धरली होती. दुखापत कशाला म्हटलं हे सांगितल्याशिवाय फेकलेला आकडा घेऊन कुणी वाद घालत असेल, तर तुम्ही चहा प्या.

आपल्याकडे शाळकरी मुलं बहुतेक सात जणांची रग्बी खेळतात, तिचा हिशोब वेगळा. सामना जेमतेम 14 मिनिटांचा, म्हणून पालकांना ती सौम्य वाटते. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय सेव्हन्समध्ये हा दर 100 च्या वर गेला होता आणि दुखापतीनंतर बाहेर बसण्याचा सरासरी काळ होता 45 दिवस. मैदान तेवढंच, माणसं निम्मी, त्यामुळे प्रत्येक धडक पूर्ण वेगात होते. त्या दराने एका संघाला साधारण दर सहा सामन्यांमागे एक दुखापत येते, आणि दोन दिवसांच्या स्पर्धेत सहा सामने सहज होतात. माझा अनुभव असा की दुसऱ्या दिवशी दुपारच्या सामन्यात पिशवी सर्वांत जास्त उघडावी लागते. मुलं थकलेली असतात, जेवण धड झालेलं नसतं आणि राखीव खेळाडू आधीच वापरून झालेले असतात.

'कशी' हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण 'किती' त्याच्यावर ठरतं.

चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून खाली पाडणं म्हणजे टॅकल. 15 जणांच्या एका व्यावसायिक सामन्यात असे 200 च्या वर टॅकल होतात. एका इंग्लिश अभ्यासात सरासरी 221 मोजले गेले. एकूण दुखापतींपैकी साधारण निम्म्या तिथेच होतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याला जास्त धोका असेल असं सगळ्यांना वाटतं. गुडघा, घोटा, मांडी यांचं पाहिलं तर ते बऱ्याच अंशी खरंही आहे: बाजूने धडक बसली की गुडघ्याच्या आतल्या बाजूचा बंध ताणतो, पाय अंगाखाली अडकला की घोटा पिळवटतो. पण डोक्याचं गणित उलटं आहे. 1,516 व्यावसायिक सामन्यांतले डोक्याला मार लागल्याचे 611 प्रसंग चित्रफितीवर तपासले गेले. त्यांतले 76 टक्के टॅकलमधले होते, आणि टॅकलमधल्या दर चारातल्या जवळपास तीन प्रसंगांत डोकं पकडणाऱ्याचं होतं, पळणाऱ्याचं नव्हतं. पकडणारा सरळ उभा असला तर धोका कमरेत वाकलेल्यापेक्षा साधारण दीडपट. दोघंही ताठ असले की डोक्यावर डोकं आदळतं, यात गूढ काही नाही.

नियम याच दिशेने सरकले. 2019 साली फ्रान्सने हौशी रग्बीत कमरेच्या वर टॅकल बंद केला, कारण त्याआधीच्या वर्षात तिथे काही तरुण खेळाडूंचे जीव गेले होते. इंग्लंडने 2023-24 च्या हंगामापासून हौशी खेळात ही रेषा छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकावर आणली. मोठ्यांच्या खेळात हात किंवा खांदा जोरात डोक्याला लागला तर लाल कार्ड निघू शकतं, आणि 'मुद्दाम केलं नाही' हे कारण चालत नाही.

तुमचा मुलगा कबड्डीतून आलेला आहे, म्हणून जरा इथे थांबते. कबड्डीच्या मुलांना खाली जायला शिकवावं लागत नाही. घोट्याची पकड, मांडीची पकड त्यांच्या अंगात असते, आणि इंग्लंडमध्ये ज्या गोष्टीसाठी प्रशिक्षक घसा कोरडा करतात ती ही मुलं पहिल्या दिवशी करतात. गडबड होते डोक्याची. कबड्डीत चढाई करणारा चार पावलांच्या वेगात असतो, बहुधा मागे वळलेला असतो, आणि पकडणारा एकटा नसतो, साखळी असते. डोकं कुठे आहे याने फारसं बिघडत नाही. रग्बीत समोरचा वीस मीटर पळत येतो, गुडघे उचलत येतो. त्याच्या समोरून आडवं डोकं घातलं की कानशिलावर गुडघा किंवा खुब्याचं हाड बसतं. मी आजवर मैदानातून ज्यांना हात धरून बाहेर आणलं त्यांतल्या कितीतरी जणांचं डोकं चुकीच्या बाजूला होतं. ताकद कमी पडली असं क्वचितच होतं.

डोकं नेहमी पळणाऱ्याच्या पाठच्या बाजूला हवं. मी मुलांना सांगते, 'गाल त्याच्या मागच्या खिशाला.' खांदा पोटात किंवा मांडीवर, हातांनी दोन्ही पाय कवटाळलेले, डोळे उघडे, हनुवटी वर. तुमच्या उजवीकडून निसटून जाणाऱ्याला उजवा खांदा, डावीकडून जाणाऱ्याला डावा. ऐकायला सोपं आहे, पण प्रत्येकाचा एक खांदा लाडका असतो, आणि नावडत्या बाजूने पळणारा आला की मूल लाडका खांदाच लावायला जातं. डोकं आपोआप समोर येतं. म्हणून सरावात नावडत्या खांद्याला दुप्पट वेळ द्यावा लागतो. बरेच प्रशिक्षक देत नाहीत, कारण तो सराव बघायला कंटाळवाणा असतो.

पकडणाऱ्याच्या बाकीच्या दुखापती हातांच्या आणि खांद्याच्या. निसटत्या खेळाडूला हात लांब टाकून धरायला गेलं की खांदा निखळतो. निखळलेला खांदा मैदानातच ओढून बसवणारा एखादा 'जाणकार' प्रत्येक मैदानावर असतो. त्याला लांब ठेवा, आधी एक्स-रे. आणि बोटाची एक दुखापत सांगते जी आपल्याकडे हमखास सुटते. जर्सीत अडकलेलं बोट, बहुतेक वेळा अनामिका. समोरचा हिसका देऊन पळतो आणि बोटाचं टोक वाकवणारा स्नायुबंध हाडापासून तुटतो. सूज थोडी, दुखणं सहन होण्यासारखं, एक्स-रे बहुतेक वेळा चांगला. घरी 'बोट मुरगळलं' म्हणून पट्टी लागते. मूठ मिटायला सांगा: सगळी बोटं मिटली आणि एकाच बोटाचं टोक सरळ राहिलं तर त्याच आठवड्यात हाताच्या सर्जनला दाखवायचं. तीन आठवडे गेले की जोडणं अवघड होऊन बसतं. कबड्डीतही हे होतं, तिथल्याही पालकांना सांगा.

टॅकलनंतर चेंडूवर जी झुंबड होते, तिला रक म्हणतात. तिथे चेंडूवर वाकलेल्या खेळाडूला बाजूने आदळून किंवा पिळून काढलं की गुडघा जातो. मगरीसारखं गुंडाळून फिरवण्याच्या या प्रकारावर 2024 च्या जुलैपासून बंदी आली. शाळेच्या पातळीवर रकमध्ये बोटं तुडवली जातात, जास्त काही नाही.

स्क्रम, म्हणजे डोकी अडकवून ढकलाढकली, हे चित्र पाहून आयांचा जीव खाली-वर होतो. एकेका प्रसंगाचा धोका मोजला तर स्क्रम टॅकलपेक्षा जास्त धोक्याचा ठरला आहे, पण सामन्यात स्क्रम होतात थोडे. मणक्याची दुखापत दुर्मीळ असते, पण झाली तर जन्माची. म्हणूनच 2013 पासून आदळून भिडणं बंद झालं: आधी वाकायचं, मग एकमेकांना धरायचं, मगच भिडायचं. त्याने आदळण्याचा जोर साधारण पाव हिश्श्याने उतरला. 19 वर्षांखालच्यांना दीड मीटरपलीकडे ढकलता येत नाही. सेव्हन्समध्ये तर स्क्रम तिघांचाच. पण मान फक्त स्क्रममध्येच मोडते असंही नाही. 3 जून 1995 रोजी दक्षिण आफ्रिकेत रस्टेनबर्गला विश्वचषकाच्या सामन्यात आयव्हरी कोस्टचा विंगर (मैदानाच्या कडेने पळणारा खेळाडू) मॅक्स ब्रिटो टॅकल होऊन खाली पडला, वर माणसं कोसळली, आणि तो कायमचा लुळा झाला. मूल पडलं आणि 'मान दुखते' किंवा 'हातपाय जड वाटतात' म्हणालं तर त्याला बसवू नका, पाणी पाजू नका. डोकं दोन्ही हातांनी आहे तसं धरून ठेवा आणि 108 ला फोन करा. सामना थांबला तर थांबला.

आता डोक्याचं. इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमध्ये 2002 पासून दुखापतींची नोंद ठेवतात. 2011-12 पासून त्या यादीत सर्वांत वर कन्कशन आहे, मेंदूला बसलेला हादरा. यातली काही वाढ ही आता ओळखतात म्हणून आहे. पूर्वी 'जरा घंटा वाजली' म्हणून हसून सोडायचे. तो बेशुद्ध पडला नव्हता ना, मग ठीक आहे, असं पालक मला विचारतात. दहातल्या साधारण नऊ जणांची शुद्ध जातच नाही.

क्लबातला एक प्रसंग. विशीतला मुलगा, टॅकल करून उठला, मला अंगठा दाखवला, जागेवर गेला. दोन मिनिटांनी रेषेजवळ आला तेव्हा विचारतो, 'स्कोअर काय?' सांगितला. परत आला, परत तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो हसत होता, छान दिसत होता, आणि मी त्याला बाहेर काढलं. प्रशिक्षक माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. त्या मुलाला त्या दिवसातलं दुपारचं जेवणही आठवत नव्हतं.

मैदानावर विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत आणि शाळेतल्या कुठल्याही शिक्षकाला विचारता येतात: आपण कुठल्या मैदानावर आहोत? हा पहिला हाफ की दुसरा? शेवटचे गुण कुणी मिळवले? मागचा सामना कुणाशी होता? आपण जिंकलो का? एक जरी चुकलं तर बाहेर. आणि पाचही बरोबर आले तरी 'पास' झाला असं नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, चालताना तोल जातोय, नजर हरवल्यासारखी आहे, यांतलं एक असलं तरी बाहेरच. टीव्हीवर खेळाडू 12 मिनिटं तपासणीला जातो आणि परत येतो, ते बघून शाळेचे प्रशिक्षकही तसं करायला जातात. त्या 12 मिनिटांत तिथे डॉक्टर असतात, चित्रफीत असते, हंगामाआधी घेतलेल्या चाचणीशी तुलना असते, 2024 पासून दातांच्या गार्डमध्ये धक्का मोजणारे सेन्सरही. तुमच्या मैदानावर पाण्याची बाटली असते. मुलांसाठी परत पाठवणं नाहीच.

याचं कारण एका वाक्यात सांगता येत नाही, पण 2011 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या शाळेच्या सामन्यात जे झालं त्यावरून कळतं. 14 वर्षांच्या मुलाला एकाच सामन्यात डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला, मध्ये त्याची तपासणीही झाली, तो खेळत राहिला आणि शेवटी कोसळला. तो वाचला नाही. पहिला हादरा मुरायच्या आत दुसरा बसला की कोवळ्या मेंदूला अशी सूज येऊ शकते जी आवरता येत नाही. ब्रिटनच्या 2023 च्या नियमावलीप्रमाणे हौशी खेळाडूने कन्कशननंतर 21 दिवसांच्या आत सामना खेळायचा नाही, आणि शेवटचे 14 दिवस तरी लक्षणं अजिबात नसायला हवीत. मी आपल्याकडेही तेच लावते. 'पण पुढच्या शनिवारी फायनल आहे' हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की फायनल नेहमी पुढच्या शनिवारीच का असते असा प्रश्न पडतो.

मऊ टोपी घातली की डोकं सुरक्षित, हा समज सोडून द्या. ती कान सोलवटण्यापासून आणि खोक पडण्यापासून वाचवते, मेंदू आत हलायचा तो हलतोच. दातांचं गार्ड मात्र हवंच, आणि दंतवैद्याकडून मापाचं करून घ्या. एका समोरच्या दाताच्या खर्चात तशी बरीच गार्डं येतील.

वर्षानुवर्षं बसणाऱ्या छोट्या धक्क्यांचा प्रश्नही आहे. 2003 चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातला हुकर (स्क्रमच्या पुढच्या रांगेतला मधला खेळाडू) स्टीव्ह थॉम्प्सन याने 2020 च्या डिसेंबरात, 42 व्या वर्षी, आपल्याला डिमेन्शियाचं निदान झाल्याचं जाहीर केलं. तो विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही. हे व्यावसायिक आयुष्य आहे, आठवड्याचे सगळे दिवस सराव. शाळकरी मुलाचा हिशोब त्यावर मांडू नये. पण त्यातून एक गोष्ट घ्यायला हवी: 2021 साली वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेने व्यावसायिक खेळाडूंसाठी पूर्ण जोराचा सराव आठवड्याला 15 मिनिटांवर आणण्याची शिफारस केली. तुमच्या शाळेत तो रोज तासभर चालत असेल तर विचारा, का?

मुलींबद्दल थोडं, कारण महाराष्ट्रात मुलींचे संघ बरेच आहेत. त्यांचं डोकं समोरच्याच्या अंगावर आपटण्यापेक्षा मागे पडताना जमिनीवर आपटण्याचं प्रमाण लक्षणीय असतं. पडायला शिकवलेलं नसतं, मानेचे स्नायू तयार केलेले नसतात. त्यांच्या सरावात टॅकलच्या आधी पडणं यायला हवं. आणि आपली उन्हाळ्यातली मुरमाची मैदानं, त्यांच्यावर तर मुलग्यांनीही पूर्ण टॅकल खेळू नये. मी तिथे गुडघे आणि कोपरं सोलून निघालेली मुलं बघते, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते कुणालाच आठवत नसतं. पावसाळ्यातलं मऊ मैदान बरं, शूजचे स्टड तेवढे तपासा.

काय केल्याने कमी होतं याचं उत्तर सुदैवाने मोजलेलं आहे. इंग्लंडमधल्या 14 ते 18 वयाच्या शाळकरी संघांना 20 मिनिटांचा एक वॉर्म-अप दिला गेला: तोल, एका पायावर उड्या-वळणं, मानेचे व्यायाम, अंगाचा जोर. आठवड्यातून तीनदा तो करणाऱ्या संघांत सामन्यातल्या दुखापती 72 टक्के कमी निघाल्या, कन्कशन 59 टक्के. आठवड्यातून एकदा उरकणाऱ्यांना तेवढा फायदा झाला नाही. नाव 'ॲक्टिव्हेट', इंटरनेटवर फुकट मिळतो. मला तरी मैदानांवर अजून मैदानाला दोन फेऱ्या आणि पायाचे अंगठे धरणं हेच जास्त दिसतं.

बंद करावा का, हे मी ठरवणार नाही, पण कसं ठरवायचं ते सांगते. मांडी बरी होईपर्यंत दोन-तीन आठवडे जातील. तेवढ्यात मुलाला न घेता एकदा सरावाला जा आणि कडेला अर्धा तास उभे राहा. स्कोअर, वेग, कोण किती आडदांड आहे, काही बघू नका. फक्त पकडणाऱ्यांची डोकी बघा, ती कुठल्या बाजूला जातात. मग प्रशिक्षकांना विचारा, नव्या मुलाला टॅकल कसा शिकवता. 'आधी दोघांनाही गुडघ्यावर बसवून, मग चालत, मग पळत, दोन्ही खांद्यांनी' असं काही उत्तर आलं तर मुलाला राहू द्या. 'खेळता खेळता येतं' असं उत्तर आलं तर त्याला परत कबड्डीला पाठवा, निदान दुसरी शाळा रग्बी शिकवेपर्यंत.